नाव तुम्हीच सांगा

रुखमाबाईंच्या दारात सरकारी माणूस आला की त्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहायच्या, पदर कपाळावर ओढायच्या आणि त्याने तोंड उघडायच्या आत म्हणायच्या, "कोनाचं घर हाय हे, ते तुमीच सांगा." मग तो देवीची लस टोचायला आलेला असो, गुरांची मोजणी करायला आलेला असो, नाही तर नवा पटवारी असो. त्याने घरमालकाचं नाव बरोबर सांगितलं तर त्याला ओसरीवर बसवायच्या, गडूभर पाणी द्यायच्या. नाही सांगितलं तर दार लावून घ्यायच्या, आणि मग तो कितीही ओरडला तरी कडी निघायची नाही.

गावात याची चेष्टा चालायची. म्हातारी एकदा फसली आणि वकील झाली, असं म्हणायचे. मीही हसायची. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एकच मातीची भिंत होती, तीही खांद्याएवढी, त्यामुळे त्या घरातलं बरंवाईट मला आपोआप दिसायचं. नातं काही नव्हतं, नुसता शेजार. मी नवी सून म्हणून तानुबाईंच्या घरात आले तेव्हापासून त्यांना मामी म्हणत आले. एवढी वर्षं भिंतीशी उभी राहूनही ती बाई सरकारी माणसाला दारात का उभं करते हे मला उशिरा कळलं. म्हणून पहिल्यापासून सांगते.

मामींचे मालक कडूबा. आईची आधीची लेकरं वाचली नाहीत, म्हणून याचं नाव असं ठेवलं की कोणाला उचलून न्यावंसंच वाटू नये. माणूस मात्र नावासारखा मुळीच नव्हता. थोडी जमीन, बैलजोडी, कपाशी आणि ज्वारी, कोणाच्या अध्यात नाही. एक खोड होती. कुठलीही गोष्ट दहा जणांना विचारल्याशिवाय करायचे नाहीत. बैल घ्यायचा तर बाजारामागून बाजार फिरायचे, त्याचे दात बघायचे, पुन्हा घरी यायचे. सरकी घेताना मूठभर दाणे आधी भिजत घालून बघायचे. माझ्या सासू तानुबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या म्हणायच्या की कडूबाच्या कमरेचा पैशाचा कसा सुटेपर्यंत दुकानदाराची मिशी पिकते. पण याचा उपयोग साऱ्या पंचक्रोशीला होता. एखादं नवं बियाणं आलं, नवा व्यापारी आला की लोक विचारायचे, "कडूबाभाऊनं घेतलं का?" त्यांनी घेतलं असेल तर बाकीचे डोळे मिटून घ्यायचे. एवढा त्या नावाचा भरवसा होता.

आणि हेच नाव मामींच्या तोंडून कधी निघालं नाही. मालकाचं नाव तर कोणाच्याच बायकोच्या तोंडून निघत नाही, नाव घेतलं की मालकाचं आयुष्य घटतं असं आम्ही सगळ्याच ऐकत आलो. पण मामींचं जरा जास्त होतं. काढा कसा झाला विचारलं तरी त्या "जहर हाय" म्हणायच्या, 'कडू' हा शब्दसुद्धा तोंडी आणायच्या नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, आणि तेव्हा त्या इतक्या लहान होत्या की तो उखाणाही त्यांना आठवत नव्हता. पुढे मूलबाळ झालं नाही. डोहाळजेवण नाही, बारसं नाही, त्यामुळे नाव घ्यायचा प्रसंगच परत आला नाही.

ते लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळेना, कापड मिळेना, चावडीवर सारखा नवा हुकूम. त्यामुळे उद्यापासून चुलीवर कराची पट्टी बसली असं कोणी म्हटलं असतं तरी आम्ही का बसली हे विचारलं नसतं, फक्त केवढी बसली ते विचारलं असतं. अशातच एका बाजाराच्या दिवशी, गावातले पुरुष झाडून सुलतानपूरला गेलेले असताना, दोन माणसं आमच्या गल्लीत शिरली. पुढच्याच्या अंगात खाकी कोट आणि डोक्यावर इंग्रजी टोपी. मागच्याच्या खांद्यावरून पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. म्हणजे साहेब आणि त्याचा चपराशी.

आता मी हे सांगते तेव्हा माझंच डोकं तापतं. शेतसाऱ्याच्या वसुलीला कोणी आलं तर ते चावडीवर उतरतं. कोतवाल घरोघरी हाळी देतो आणि मालक आपल्या पायाने चावडीवर जातो. सरकार घराच्या दारात येतं ते फक्त जप्तीला. एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्या माणसालाही ठाऊक होतं. म्हणून त्याने मामींच्या ओसरीवर पाय ठेवताक्षणी तोच शब्द काढला. जप्ती.

"लढाईपट्टी थकली आहे," तो म्हणाला. "दिवस मावळायच्या आत भरा, नाही तर घर जप्त आणि मालक हवालातीत."

मामींच्या हातात सूप होतं ते तसंच राहिलं. त्या म्हणाल्या, "मालक बाजारात गेले. ते आले का पटवाऱ्यापाशी भरतीन."

"पटवाऱ्याला यातलं काही कळता कामा नये. त्याचीच चौकशी चालली आहे. तुम्ही त्याला सांगितलंत तर तुम्हीही त्याच्यात."

मग त्याने काखेतलं पावतीचं पुस्तक काढलं, पेन्सिल जिभेला लावली आणि विचारलं, "मालकाचं नाव?"

मामींनी पदर आणखी पुढे घेतला. त्याने पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. मामी म्हणाल्या, "त्याईचं नाव मी कसं घेऊ?"

"मग मी बेनामी घर लिहितो. बेनामी घर सरकारजमा होतं. हे चालेल?"

मामींनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीशी आत्याबाई उभ्या होत्याच, कुठे काही आवाज झाला की त्या भिंतीशी असायच्याच. आमच्या आत्याबाईंच्या पोटात आजवर एकही गोष्ट राहिलेली नाही. त्यांना वाटलं आपण शेजारणीची अडचण दूर करतो आहोत.

"अवो लिवा ना, कडूबा म्हनून," त्या तिकडून ओरडल्या. "कडूबा नारायण. साऱ्या गावात इच्चारून घ्या, त्याच्यावानी चोख मानूस नाई. बाजारात सारे त्याले पुसूनच सौदा करतेत."

तो माणूस लिहायचा थांबला. त्याने भिंतीकडे नीट वळून पाहिलं, हसला, आणि मोठ्या आदराने विचारलं की कोणकोणत्या गावचे लोक पुसतात. आत्याबाईंनी गावं मोजून दिली.

पैसा घरात होता, पण किल्ली मालकाच्या कमरेला. त्याने मामींच्या दंडातल्या वाकीकडे बोट केलं आणि म्हणाला, चांदी चालेल. सरकारने कधी कोणाच्या दंडातली चांदी साऱ्यात घेतलेली आम्ही ऐकली नव्हती, पण हवालात हा शब्द एकदा कानात शिरला की मग बाकी काही शिरत नाही. वाकी माहेरची, लग्नाच्या वेळची, ती निघेना. मामींनी दंडाला तेल लावलं. मी जात्यावरून उठून गेले आणि मीच ती ओढून काढली. खाली कातडीवर पांढरा पट्टा उमटलेला होता.

त्याने पावती फाडून दिली, ताक मागून प्यायला, आणि दोघे निघून गेले. आमच्या घरी त्याने काहीच मागितलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, आपलं नशीब चांगलं. नशिबाचा काही संबंध नव्हता. त्याला या गावात जे हवं होतं ते मिळालं होतं.

बाजारातून आल्यावर कडूबामामा ती पावती घेऊन उद्धवराव पटवाऱ्यांकडे गेले. उद्धवराव आधी हसले आणि मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी एकच विचारलं, त्यानं नाव कसं लिहिलं? कडूबामामांनी झालं ते सांगितलं. उद्धवराव म्हणाले, "अरे, सरकारले नाव पुसा लागत नाई. तुह्यं नाव माह्या दप्तरात हाय, तुह्या बापाचं हाय, आज्याचं हाय. जो दारात येऊन नाव पुसते, तो सरकार नाई."

कडूबामामा घरी आले. मी भिंतीच्या अलीकडे भाकरी थापत होते, मला वाटलं आता आरडाओरडा होणार. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "वाकी गेली त जाऊ दे. तू घाबरली असशीन." वेगळा नवरा असता तर हात उचलला असता. मला त्या दिवशी मामींचा हेवा वाटला, हे खोटं कशाला बोलू.

गोष्ट तिथेच संपली असती तर मामी चार दिवस हळहळल्या असत्या आणि विसरल्या असत्या. पुढच्या बाजारात सुलतानपूरला एका माणसाने कडूबामामांच्या सदऱ्याची कॉलर धरली. तो खाकी कोटवाला गावोगाव फिरला होता, आणि प्रत्येक गावात पावतीपुस्तक उघडून पहिलं नाव दाखवत होता. बघा, कडूबानं भरली. त्यानेच मला तुमच्याकडे पाठवलं. आणि लोकांनी पुढे काही विचारलं नव्हतं. जो माणूस मूठभर सरकी भिजवून बघितल्याशिवाय घेत नाही, त्याने पट्टी भरली म्हटल्यावर चौकशी करायची गरज कोणाला वाटेल? कोणाचे वाळे गेले, कोणाची सरी गेली. कोणी पेरणीसाठी ठेवलेला पैसा दिला. सगळे एकच म्हणत होते, आम्ही त्या साहेबाकडे बघून नाही, कडूबाकडे बघून दिलं.

मग कोणीतरी बोललं की कडूबाचा त्यात वाटा असणार. नाही तर पहिलं नाव त्याचंच कसं? आमच्या दारावरून लोक शिव्या देत जाऊ लागले. मामींनी आपली वाकी गेली हे सांगून पाहिलं. त्यावर एक बाई विहिरीवर म्हणाली की बरोबर आहे, दाखवायला एक वाकी दिली असेल.

कडूबामामांनी बाजार सोडला. मग चावडीवर बसणं सोडलं. तंबाखू संपली तरी दुकानात जाईनात, मला हाक मारून आणायला सांगायचे. शेतातल्या खोपीत जाऊन बसायचे, काम असो नसो. मामींना त्यांनी एका शब्दाने दुखवलं नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच मामी आतून बधिर झाल्या. भांडण झालं असतं तर रडता आलं असतं. त्या रडल्या नाहीत. भाजीत कधी मीठ नसायचं, कधी दोनदा असायचं, आणि कडूबामामा दोन्ही भाज्या सारख्याच खायचे. दुपारी मामी ओसरीवर बसायच्या आणि उजव्या हाताने डाव्या दंडावरचा तो पांढरा पट्टा झाकून ठेवायच्या. मी काही विचारलं तर "हाव" म्हणायच्या. जेवलात का, हाव. बरं वाटतं का, हाव.

पावसाळा लागायच्या सुमाराला कोतवाल तुळशीराम निरोप घेऊन आला. मलकापूरला एका सोनाराकडे चांदी विकताना तो माणूस सापडला होता, चपराशासकट. मेहकरच्या कचेरीत त्याला उभं करणार होते, आणि ज्यांचं ज्यांचं गेलं त्यांना साक्षीला बोलावलं होतं. तुळशीराम जाता जाता हळूच म्हणाला, "तो म्हनते, कडूबा आपला भागीदार व्हता. त्यानंच बाजारात आपलं नाव देऊन गावं दाखवली. कोनी बोललं नाई त कडूबाभाऊ बी आत जाईन."

साक्ष द्यायची ती आत्याबाईंनी. नाव त्यांनी सांगितलं होतं, गावं त्यांनी मोजून दिली होती. पण आत्याबाईंचे गुडघे त्याच दिवशी धरले, आणि कचेरीची तारीख टळेपर्यंत ते सुटले नाहीत. मी खूप बोलले. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. शेवटी मामीच म्हणाल्या, "मी जातो. माह्यासमोर झालं."

कडूबामामांनी गाडी जुंपली. मी मामींच्या सोबतीला बसले. मेहकरपर्यंत कडूबामामांनी बैलांनाही हाक दिली नाही.

कचेरीत मी पहिल्यांदाच गेले होते. पुढे नायब तहसीलदार साहेब, बाजूला मुन्शी, दोन्हीकडे पुरुषांची गर्दी. तो माणूस आता खाकी कोटात नव्हता, साध्या सदऱ्यात होता आणि अगदी सामान्य दिसत होता. दुसऱ्या बाजूला कडूबामामांना उभं केलं होतं, पोलिसाशेजारी. मामींना बोलावलं. मुन्शीने त्यांच्या मालकाचं नाव कागदावरून स्वतःच वाचलं, बायकांना ते विचारायचं नाही हे त्याला माहीत होतं. मामींनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता, न उतरवता. पट्टी म्हणाला, हवालात म्हणाला, वाकी घेतली.

मग त्या माणसाचा वकील उठला. त्याने विचारलं, "पावतीवर नाव घालायला कोणी सांगितलं? तुम्ही?"

"म्या नाई. शेजारच्या तानुबाईनं."

"ती बाई इथे आहे?"

"नाई."

"बरं. तिने काय नाव सांगितलं?"

मामी थांबल्या.

"सांगा. काय नाव सांगितलं तिने?"

मी मागून म्हणाले, मी सांगते, मी होते तिथे. कचेरीच्या चपराशाने मला गप्प केलं. वकील साहेबांकडे वळला. "बाई सांगत नाहीत कारण असं काही घडलंच नाही, साहेब. हे नाव बाजारात मालकाने स्वतः दिलं होतं. शेजारीण ही नंतर रचलेली गोष्ट आहे."

साहेब बरे होते. दमलेले होते. ते म्हणाले, "बाई, दुसऱ्याने सांगून चालत नाही. तुमच्या कानावर त्या दिवशी जे नाव पडलं ते तुमच्या तोंडून यायला हवं."

मागून कोणीतरी कारकून बोलला, उखाण्यात घ्या. कचेरीत हशा पिकला. साहेबांनाही थोडं हसू आलं आणि त्यांनी ते पुसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिचा मालक पोलिसाशेजारी उभा आहे, तिने उखाणा कशाचा घालायचा? चांदीच्या ताटाचा की गुलाबाच्या फुलाचा?

मामींनी कडूबामामांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. मग त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "सांग."

"कडूबा," मामी म्हणाल्या.

पुढे राव नाही, मागे काही नाही. नुसतं नाव. हशा थांबला. साहेबांनी विचारलं, पूर्ण नाव काय सांगितलं होतं, आणि मामींनी सासऱ्याचंही नाव घेतलं. "कडूबा नारायण." मुन्शीने लिहून घेतलं. मामींचा चेहरा तसाच होता, ओसरीवर दंड धरून बसताना असायचा तसा. 

त्यानंतर बाकीच्या गावच्या लोकांनाही तोंड फुटलं. त्या दोघांना शिक्षा झाली. कडूबामामांवर काही आलं नाही. साहेबांनी सांगितल्यावरून गावोगाव दवंडी फिरली की कडूबाने कोणाला पाठवलं नव्हतं आणि त्याचीही चांदी गेली होती. आमच्या गावात तुळशीरामने ती आमच्या दारासमोर जरा जास्तच वेळ पिटली. बाजारात ज्याने कॉलर धरली होती त्यानेच कडूबामामांपुढे तंबाखूची चंची केली.

पण त्याआधीचं सांगायचं राहिलं. मेहकरहून परत येताना ओढ्याशी बैल पाणी प्यायला थांबले. कडूबामामा जू धरून पाठमोरे उभे होते. तसेच पाठमोरे म्हणाले, "तुह्या तोंडून बरं लागलं." मी दुसरीकडे बघितलं.

त्या पावसाळ्यानंतर गावात तापाची साथ आली. घरोघरी अंथरुणं पडली. तापावरचं औषध कोयनेल मिळत नव्हतं, लढाईमुळे मिळत नाही असं दवाखान्यातून सांगायचे. कडूबामामा दिवाळीच्या आतच गेले. वाकी त्यानंतर आली, तुळशीराम ती फडक्यात बांधून घेऊन आला. मामींनी सही म्हणून अंगठा उठवला आणि वाकी पेटीत टाकली. विधवेच्या दंडात ती जाणार नव्हती.

भेटायला आलेल्या बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली, आणि ती मोठ्याने बोलून दाखवली आमच्याच आत्याबाईंनी. "कचेरीत नाव घेतलं ना. मंग काय होईन?" भिंतीपलीकडे मामी बसलेल्या होत्या. त्या दिवशी मी सासूशी भांडले, तशी आयुष्यात कोणाशी भांडले नाही. ज्या तोंडाने ते नाव चोराला दिलं त्या तोंडाने तरी हे बोलू नका, म्हणाले. आमचं बोलणं कितीतरी दिवस बंद होतं.

मामींपाशी जाऊन मी म्हटलं, "मामी, ताप साऱ्या गावात आला होता. ज्यांच्या बायकांनी नाव घेतलं नाही तेही गेले."

"हाव," मामी म्हणाल्या.

ते त्यांना पटलं की नाही, मला माहीत नाही. मला मात्र त्यात काही तथ्य वाटत नाही, आणि ज्यांना वाटतं त्यांचा मला राग येतो.

त्यानंतर मामी जगल्या, म्हणजे दिवस काढले. जमीन अर्ध्या वाट्याने कसायला लावली. कोणाकडे जायच्या नाहीत. हसणं नाही, रडणं नाही, भाजीत मीठ मात्र आता बरोबर असायचं. आणि दारात सरकारी माणूस आला की ते सुरू झालं, "कोनाचं घर हाय हे, ते तुमीच सांगा." उद्धवरावांना फार कौतुक. आपण सांगितलेलं या बाईने गाठीला बांधलं, म्हणायचे. गावातल्या बायकांनीही मग तीच रीत उचलली. एकदा एक भामटा खरंच येऊन गेला, विहिरीचा कर मागत. गल्लीतल्या प्रत्येक दारात त्याला एकच सवाल ऐकू आला आणि तो आल्या पावली परत गेला. तेव्हा तर मामींचं नाव पंचक्रोशीत झालं.

स्वराज्य आलं. मग मतदारांच्या याद्या करायला बुलढाण्याहून एक तरुण कारकून आला, रमाकांत नावाचा. चावडीवर उतरला होता, कोतवाल सोबत होता, सगळं रीतसर. मी भिंतीशी शेंगा सोलत होते. त्याने मामींना त्यांचं नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. मग मालकाचं नाव विचारलं.

"कोनाचं घर हाय ते तुमीच सांगा."

"आजी, माझी यादी कोरी आहे. मी लिहायलाच आलोय."

"मंग राहू द्या."

त्या दार लावायला लागल्या. तो बिचारा उन्हात उभा. कोतवालही नवीन होता, त्याला काही माहीत नव्हतं. मी भिंतीवरून वाकून त्या पोरसवदा कारकुनाला नाव सांगितलं. त्याने पेन काढलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, "कडूबा नारायण. बरोबर?"

दार अर्ध्यावर थांबलं.

"अजून एकदा म्हना," मामी म्हणाल्या.

त्याला वाटलं म्हातारीला कमी ऐकू येतं. तो जोरात म्हणाला, "कडूबा नारायण."

मामी बाहेर आल्या. त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला. मग भिंतीकडे न बघता, त्यालाच म्हणाल्या, "आता सारे रुखमाबाईचं घर म्हनतेत. त्याईचं नाव कोनी घेत नाई. म्या एक डाव घेतलं, आता मले घेववत नाई. तुमी घेतलं, बरं लागलं."

रमाकांतला यातलं काही कळलं नाही. तो गूळ खाऊन पुढच्या घराकडे गेला. माझ्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. एवढी वर्षं मी समजत होते की ही बाई सरकारची परीक्षा घेते. ती कोणाचीच परीक्षा घेत नव्हती. मूल नाही, भाऊबंद नाहीत, आणि त्या माणसाचं नाव घेईल असं सरकारवाचून तिला कोणी उरलं नव्हतं. आणि आम्ही भिंतीच्या या बाजूला बसून हसत होतो. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ताक नको होतं, आमच्याकडे मडकं भरून होतं. तरी मी भिंतीशी गेले आणि गल्लीत ऐकू जाईल अशी हाक दिली, "कडूबामामांच्या घरी ताक आहे का?"

पलीकडे चुलीपाशी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. 

"हाव," मामी म्हणाल्या.